चिठ्ठीवरची रिकामी ओळ

पहाटे ५.००

मार्गळी महिना सुरू आहे. कुंभकोणमला या महिन्यात दिवस अंधारातच उजाडतो. देवळांच्या कर्ण्यांवरून तिरुप्पावै ऐकू येते. गल्लीभर बायका ओल्या अंगणात कोलम काढत बसलेल्या असतात. रांगोळी पुरी झाली की मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. आमच्या घरी अंगण सासूबाईंचं आणि कॉफी माझी. पितळी डवरा-टंबलर त्यांच्या हाती देते आणि पायरीवर बसून माझी कॉफी संपवते. दिवसातली निवांत म्हणावीत अशी दहा मिनिटं हीच.

मी मूळची मिरजेची. पॅथॉलॉजी शिकले, लग्न होऊन इथे आले, त्याला बावीस वर्षं झाली. सासर तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी कावेरीकाठी आली, त्यांच्यातलं. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच मराठी समाजातले आणि जन्म याच गावचा, १८२८ चा. घरात अजून मराठी बोलतात. तिच्यात तमिळ इतकं मुरलंय की माझ्या माहेरच्यांना पहिले दोन दिवस काही उमगत नाही.

मला मात्र इथे आल्या आल्या एक शब्द ओळखीचा भेटला. तमिळमध्ये गोळीला ‘मात्तिरै’ म्हणतात. माझी आजी सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची, ती मात्रा. तोच शब्द. माझं आजचं सगळं काम या एका शब्दाभोवती फिरतं.

सकाळी ६.३०

लॅब घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची रांग आधीच लागलेली. मशीन सुरू करून आधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचे आकडे आपल्याला आधीच ठाऊक आहेत असं रक्त. मशीनने ते बरोबर सांगितले, तरच पेशंटचं रक्त लावायचं. हे श्रीनिवास रामानुजनांचं गाव. शारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर त्यांचं घर जपून ठेवलंय. संख्येला इथे मान आहे. पण मशीनने दिलेली संख्या साक्षीपुराव्याशिवाय मान्य करायची नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम काउंटरवर. डॉक्टरांकडून येणाऱ्या चिठ्ठीवर नाव, वय आणि तपासणी एवढंच असतं. आम्ही आमच्या नोंदीच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे : सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला विचारते, ‘एन्न मात्तिरै साप्पिडुरींग?’ शुगरची, प्रेशरची, थायरॉइडची, लोक धडाधड सांगतात. फिटची गोळी सहसा कोणी सांगत नाही. ‘वलिप्पु’ हा शब्द इथे खालच्या आवाजातच निघतो. आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? फिट, फेफरं, आकडी, मिरगी, नावं चार आणि चारही कुजबुजीत.

ती ओळ रिकामी राहिली की माझ्यापुढे येतं ते निम्मंच रक्त. त्या आकड्यांच्या मागे काय घडलंय, हे समजायला मार्ग उरत नाही.

सकाळी ८.००

पहिला फोन एका सर्जनचा. निवृत्त शिक्षक, हर्नियाचं ऑपरेशन उद्यावर आलेलं, प्लेटलेट ६२ हजार. ऑपरेशन पुढे ढकलू का, असा प्रश्न. नेहमीचा हिशेब दीड ते साडेचार लाखांचा, म्हणजे ६२ हजार हा घाबरवणाराच आकडा. कागदावरची ओळ भरलेली होती : व्हॅल्प्रोएट, अकरा वर्षं.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीने प्लेटलेट कमी होतात, हे खरं. डोस जितका जास्त, तितकी शक्यता जास्त. शिवाय कधी कधी प्लेटलेटची संख्या ठीक असूनही त्या नीट चिकटत नाहीत, किंवा रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन आणि फॉन विलेब्रांड हे घटक उतरतात. म्हणून या गोळीवरच्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की नुसत्या मोजणीवर भागत नाही, गोठण्याच्या तपासण्याही पाहाव्या लागतात.

पण आधी आकडा खरा आहे का? स्लाइड लावली. जिथे रक्ताचा थर पिसासारखा विरळ होत जातो, त्या कडेला जांभळट ठिपक्यांचे पुंजकेच्या पुंजके. ट्यूबमधल्या ईडीटीए या रसायनामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या दिसतच नाहीत. गुरुजींना परत बोलावून सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. मोजणी १ लाख ६८ हजार. गोठण्याच्या तपासण्याही नॉर्मल आल्या. सर्जनना कळवलं. गुरुजींची गोळी तशीच चालू राहील आणि ऑपरेशन उद्याच होईल.

औषधाचं नाव कळलं म्हणून प्रत्येक दोष त्याच्या माथी मारायचा नाही, हेही याच कामातलं.

सकाळी १०.००

ही वेळ मायक्रोस्कोपची. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने ओढलेला पातळ थर, त्यावर लीशमनचा रंग. हा रंग विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने १९०१ मध्ये दिला आणि सव्वाशे वर्षांनी आम्ही अजून तोच वापरतो. दोन मिनिटं रंग, मग बफर, मग नळाखाली धुऊन उभी करून वाळवायची. लाल पेशी गुलाबी दिसतात, पांढऱ्या पेशींचं केंद्रक जांभळं.

आज सकाळची चौथी स्लाइड एका शेतमजुराची. वय ४८, विड्याच्या पानांच्या मळ्यात काम. हिमोग्लोबिन ७.८, लाल पेशींचं सरासरी आकारमान ११८. नेहमीचं ८० ते १००. भिंगाखाली लाल पेशी मोठ्या आणि लांबट, अंडाकृती. मग एक न्यूट्रोफिल, म्हणजे पांढरी पेशी, दिसली. एरवी तिच्या केंद्रकाला तीन-चार पाकळ्या असतात, फार तर पाच. हिच्या मोजल्या : सात. शेजारी दुसरी, सहा पाकळ्यांची. अशा पेशी दिसल्या की निदान जवळजवळ हाताशी येतं. मोठ्या पेशींचा हा ॲनिमिया म्हणजे फोलेटची किंवा बी-१२ ची कमतरता.

कागदावर गोळ्यांच्या ओळीत लिहिलं होतं, ‘इल्लै’. नाही. तरी मी त्यांना आत बोलावलं. काउंटरवर चारचौघांत ‘नाही’ म्हणणारा माणूस आत खुर्चीवर बसला की हळूच ‘हो’ म्हणतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली पट्टी काढली. फेनिटॉइन. लोक ‘एप्टॉइन’ म्हणतात ती. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, सतरा वर्षं घेताहेत, एक दिवस चुकवलेली नाही.

फेनिटॉइन हे १९३८ पासूनचं औषध. मेरिट आणि पुटनम या दोघांनी ते फिटवर लागू केलं आणि तेव्हापासून त्याने असंख्य संसार उभे ठेवलेत. दीर्घकाळ घेतलं तर काही जणांमध्ये ते शरीरातलं फोलेट उतरवतं. जेवणात भाजी-डाळ कमी असेल तर आणखी. हे फोलेट पहिल्यांदा हेरलं गेलं आपल्या मुंबईत. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात हाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया होऊन त्या दगावत होत्या. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, तो बरा होतो हे तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा झाला. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव, मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले. जन्मभर विड्याची पानं खुडणारा हा माणूस, आणि त्याच्या रक्तात उणा पडलाय तो पानाच्याच नावाचा घटक. क्षणभर भिंगावरून डोळे उचलावेसे वाटले.

पण फॉलिक ॲसिडची गोळी घ्या आणि जा, असं सांगून चालत नाही. आधी बी-१२ पाहायचं, कारण ते कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. दुसरं म्हणजे, फॉलिकच्या मोठ्या डोसने रक्तातलं फेनिटॉइन उतरतं आणि सतरा वर्षं थांबलेली फिट परत येऊ शकते. म्हणून डोस ठरवायचा तो त्यांच्या डॉक्टरांनी. रिपोर्टवर मी शेवटी एक वाक्य लिहिलं : पेशंट फेनिटॉइनवर आहे, फोलेट व बी-१२ तपासून उपचार ठरवावेत. मग त्यांना समजावलं, पालेभाजी फार वेळ उकळायची नाही, उकळून फोलेट जातं. आणि गोळी बंद करायची नाही. ही शेवटची गोष्ट तीनदा सांगितली.

दुपारी १२.००

एक वडील रिपोर्ट हातात धरून आले. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले. पांढऱ्या पेशी ३,६००. रिपोर्टवर मशीनने त्याला खालचा बाण दाखवलेला. वडिलांनी मोबाइलवर औषधाचं नाव टाकून वाचलं आणि काल रात्रीची गोळी दिलीच नाही.

ते घाबरले यात नवल नाही. कार्बामाझेपिनच्या माहितीपत्रकात वर चौकटीत रक्ताचे दोन भयंकर आजार लिहिलेले असतात. ॲग्रॅन्युलोसायटोसिस, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ संपणं. आणि ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे हाडाच्या मगजाने रक्त घडवणंच सोडून देणं. पण त्याच चौकटीत आकडेही असतात, ते कोणी वाचत नाही. कोणतंही औषध न घेणाऱ्या दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे सहा जणांना पहिला आजार होतो आणि दोघांना दुसरा. कार्बामाझेपिन घेणाऱ्यांत ही शक्यता पाच ते आठ पट. म्हणजे दहा लाखांत दहा ते पन्नास जणांच्या घरात. याउलट पांढऱ्या पेशी थोड्याशा उतरणं हे दहातल्या एकाला होतं. बहुतेकांचं आपोआप सावरतं आणि ते पुढे त्या मोठ्या आजारात जात नाही.

मी वडिलांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. न्यूट्रोफिल १,९०० होत्या, प्लेटलेट भरपूर, लाल पेशी छान. म्हटलं, ‘अण्णा, कारखाना चालू आहे. एका पाळीत माणसं जरा कमी आली, एवढंच.’ त्यांनी बराच वेळ डोळा लावला. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण खांदे सैल झाले.

मग कडक बोलावं लागलं. फिटची गोळी एकदम थांबवली तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो आणि त्यात जीव जातो. जो आजार लाखांत मोजक्याच लोकांना होणार, त्याच्या भीतीने असं संकट घरी बोलावायचं नाही. त्यांच्या समोरच मुलाच्या डॉक्टरांना फोन लावला. चुकलेल्या डोसचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं, आजची गोळी लगेच द्यायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

दुपारी १.३०

डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं. जेवताना त्या चौकटीतलं उरलेलं अर्धं आठवतं, जे वडिलांना सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला होते. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, चिठ्ठीवर ‘ताप, घसादुखी’. पांढऱ्या पेशी ९००, न्यूट्रोफिल शोधूनही सापडेनात. मी स्लाइड पाहिली, रिपोर्ट लिहिला, सही केली आणि ट्रेमध्ये ठेवला. फोन केला नाही. मध्ये सुट्टी आली. रिपोर्ट दोन दिवस ट्रेमध्ये पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ती स्ट्रेचरवरून आली, तोंडात पांढरे फोड, घोटभर पाणी गिळवत नव्हतं. तेव्हा तिच्या आईने पिशवीतून पट्टी काढली. कार्बामाझेपिन, दोन महिन्यांपासून. मी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलली, शिरेतून अँटिबायोटिक, वेगळी खोली. बाराव्या दिवशी स्लाइडवर पहिल्या कोवळ्या पेशी दिसल्या आणि मी लॅबमध्ये एकटीच रडले. ती वाचली. पण ते दोन दिवस माझ्या हातून गेले आणि ते परत येत नाहीत. त्या दिवसापासून आकडा धोक्याचा असला की आधी फोन, मग सही. आणि कागदावरची ती गोळ्यांची ओळही तेव्हापासूनची.

यात रक्ताच्या आयुष्याचं साधं गणित आहे. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल रक्तात एक दिवसही नाही. कारखाना बंद पडला तर लाली उतरायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधीच घसा दुखतो, ताप चढतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल टिपके उठतात. म्हणून महिन्याला रक्त तपासलं की निश्चिंत, असं नाही. पेशी दोन तपासण्यांच्या मधल्या आठवड्यात कोसळू शकतात. तेव्हा घरच्यांचा डोळाच कामाला येतो. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तमिळमध्ये लावलंय : फिटची गोळी चालू असताना ताप, घसादुखी, तोंडात फोड, न थांबणारं रक्त, कारण नसताना निळे डाग, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर आणि त्याच दिवशी रक्त. गोळी स्वतःहून थांबवू नका.

दुपारी ३.००

रुग्ण नसतात, ऊन तापलेलं असतं. ही कागदांची वेळ. औषधाच्या दुष्परिणामाचा संशय आला की भारतात तो कळवता येतो. त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा फुकट नंबर. डॉक्टरच कळवू शकतात असं नाही. पेशंटसाठीही वेगळा फॉर्म आहे आणि तो भारतीय भाषांत मिळतो. खात्री लागत नाही, संशय पुरेसा असतो. आज शेतमजुरांचा फॉर्म भरला : औषध, डोस, किती वर्षं, काय दिसलं.

एका फॉर्मने काय होतं, असं तरुण डॉक्टर विचारतात. त्यांना मी फेल्बामेटची हकिकत सांगते. फिटवरचं हे औषध अमेरिकेत १९९३ च्या जुलैमध्ये आलं. चाचण्यांत रक्ताचं काही दिसलं नव्हतं. एक लाखाच्या घरात लोकांनी घेतल्यावर एकेका गावातून एकेका डॉक्टरचा कागद आला : मगज आटला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला. दुर्मीळ आजार चाचणीत सापडत नाही. तो सापडतो अशाच फॉर्मांच्या गठ्ठ्यात.

आणि लिहून ठेवण्याची रीत या मुलखाला नवी नाही. चाळीस किलोमीटरवर तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभा केला होता. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, सरस्वती महालात आजही जपून आहेत. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या पदरी पेशंटची हकिकत कोणी इतकी मन लावून लिहीत होतं. आम्ही एक ओळही रिकामी सोडू नये.

दुपारी ४.३०

पाऊस नुकताच सरलाय, गावात डेंग्यू आहे. या दिवसांत प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं सगळे धरून चालतात. घरोघर निलवेंबू कषाय उकळतंय, कुणी पपईच्या पानांचा रस पितंय.

सासूबरोबर एक सून आली. चोवीस वर्षांची, गळ्यात नवी ताली, म्हणजे इथलं मंगळसूत्र, हळदीचा पिवळेपणा अजून दोऱ्यावर होता. चिठ्ठीवर ‘डेंग्यू?’. दात घासताना रक्त येतं, दंडावर निळे डाग. प्लेटलेट ५४ हजार. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. ताप नाही, अंगदुखी नाही. गोळ्यांच्या ओळीत, ‘इल्लै’.

स्लाइड पाहिली. पुंजके नव्हते, प्लेटलेट खरोखरच कमी. बाकी पेशी चांगल्या. मी काउंटरवरच्या मुलीला खूण केली. तिने सासूबाईंना पाणी देऊन बाहेर बसवलं आणि पुन्हा रक्त घ्यायचं म्हणून सुनेला आत आणलं. दार लावून मी विचारलं, ‘कण्णा, कुठली गोळी घेतेस?’ ती दंडावर कापूस दाबून गप्प राहिली. मग इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. व्हॅल्प्रोएट. बाराव्या वर्षापासून. दोन महिन्यांपूर्वी माहेरी असताना एकदा फिट आली, तेव्हा डोस वाढवला. पट्ट्या तिने तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्यात. इथे कुणाला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही.

‘कळलं तर परत पाठवतील,’ ती म्हणाली.

हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करायचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ मध्ये दुरुस्ती करून ते काढून टाकलं. कायद्याने काढलं, ते घराघरांतून निघायला वेळ लागतोय. तिला हे सांगितलं. दुसरंही सांगावं लागलं : ही गोळी गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते, म्हणून मूल होऊ देण्याआधी तुझ्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. याच्यावर दुसरी औषधं आहेत, पण बदल हळूहळू आणि डॉक्टरांच्या हातून. प्लेटलेट कमी झाल्यात त्याही बहुधा वाढलेल्या डोसमुळे, आणि डोस उतरला की त्या बहुतेकांच्या परत चढतात.

‘रिपोर्टवर गोळीचं नाव येईल?’

नाही. ते माझ्या नोंदीत राहील, छापील कागदावर नाही. ती ओळ मी तिच्यासमोर माझ्या हाताने भरली आणि वही मिटली. ही ओळ विचारायची म्हणजे ती सांभाळायचीही. नाहीतर उद्या कोणी का सांगेल?

तंजावरच्या तिच्या न्यूरॉलॉजिस्टना तिच्याच फोनवरून फोन लावला. त्यांनी रात्रीचा डोस किती घ्यायचा ते सांगितलं, दुखण्याच्या कुठल्या गोळ्या टाळायच्या ते सांगितलं, परवा भेटायला बोलावलं आणि त्याआधी पुन्हा प्लेटलेट. डोकं जोरात दुखलं, रक्त थांबेना झालं तर लगेच इस्पितळ. सासूबाईंना मी खरं तेवढंच सांगितलं : डेंग्यू नाही, रक्त कमी गोठतंय, तंजावरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘हिला खायला काय घालू, डॉक्टरम्मा?’ त्या हाताकडे सून बघत राहिली.

संध्याकाळी ७.००

संध्याकाळच्या रिपोर्टांवर सह्या. गुरुजी उद्यासाठी दाखल झाले. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, गोळी दिली. शेतमजुरांचं बी-१२ ठीक निघालं, फोलेट पार खाली.

एक गरोदर बाई येऊन गेली, नववा महिना, फेनोबार्बिटोन या फिटच्या गोळीवर. अशा आईच्या बाळाला जन्मतःच व्हिटॅमिन के कमी पडून पहिल्या दिवशी रक्तस्राव होऊ शकतो. एका इंजेक्शनचं काम, पण प्रसूतीच्या खोलीत कोणाला ठाऊक असेल तर. तिच्या फाइलवर लाल शाईने लिहून दिलं.

उंबरठ्यावर दिवा लागतो. नाचियारकोविलचा पितळी दिवा, वर हंस बसलेला. त्या उजेडात मी उद्याच्या कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवते.

रात्री ९.१५

घरी सासूबाईंनी अडैचं पीठ भिजवून ठेवलंय. ताट घेतलं तोच फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज ओळखला. मागून भांड्यांचा आवाज येत होता, ती स्वयंपाकघरातूनच बोलत असावी.

‘डॉक्टरम्मा, तांदळाचा डबा उघडलाय. रात्रीची घेऊ ना? भीती वाटते, अजून रक्त जाईल.’

‘घे. डॉक्टरांनी सांगितली तेवढी घे. चुकवू नकोस.’

पत्र्याच्या झाकणाचा आवाज झाला, मग पाण्याचा. फोन चालूच होता.

‘घेतली,’ ती म्हणाली.